समुद्रात गेलेली घोरपड

सहाशे बाटल्या वाइन! एका दगड झालेल्या जबड्यासाठी एवढं बक्षीस लागलं होतं, असं फोजा द सँ-फाँ हा फ्रेंच भूवैज्ञानिक लिहून गेलाय. साल १७९४. फ्रेंच क्रांतीच्या फौजांनी नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्ट शहराला वेढा घातला होता. तोफा धडाडत होत्या, पण वेशीबाहेरच्या एका घरावर गोळा टाकायचा नाही, असा म्हणे हुकूम होता. घर गॉडिंग नावाच्या धर्मगुरूचं. त्याच्याबद्दल फ्रेंचांना काडीचा जिव्हाळा नव्हता. त्यांचा डोळा होता त्याच्याकडच्या एका अवाढव्य कवटीवर. आपलंच घर तेवढं शाबूत कसं, हे धर्मगुरूला उमगलं आणि त्याने कवटी गुपचूप शहरात नेऊन दडवली. शहर पडलं, तरी कवटी मिळेना. मग बक्षीस जाहीर झालं: न मोडता आणून द्या, सहाशे बाटल्या घेऊन जा. दुसऱ्या दिवशी सकाळी बारा शिपाई कवटी खांद्यावर घेऊन हजर!

किस्सा फर्मास आहे. फक्त फोजासाहेबांचा हात मसाल्याला जरा सढळ होता. कवटी फ्रेंचांनी उचलली आणि पॅरिसला नेली, एवढं पक्कं. बाकीचं ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर खरं मानावं.

ही कवटी ज्याची, तो प्राणी म्हणजे मोसासॉरस. डायनासोरच्या काळात समुद्रावर राज्य करणारा, पण स्वतः डायनासोर नसलेला सरडा. हो, सरडाच. पाल, घोरपड आणि साप ज्या गोतावळ्यात येतात, त्याच गोतावळ्यातला.

ज्याचं काही नव्हतं, त्याचं नाव

फोजाने आणखी एक कथा सोडून दिली होती. कवटी शोधली होफमान नावाच्या सर्जनने, पण जमीन गॉडिंगची, म्हणून गॉडिंगने खटला भरून ती बळकावली, अशी. गरीब बिचारा संशोधक आणि लबाड धर्मगुरू! पुढे इतिहासकारांनी कागदपत्रं चाळली, तर खटल्याचा मागमूस नाही, आणि कवटी पहिल्यापासून गॉडिंगचीच. होफमान जीवाश्म जमवायचा हे खरं, पण या कवटीशी त्याचा संबंध होता याला पुरावा नाही. तोवर उशीर झाला होता. १८२९ मध्ये इंग्लंडच्या गिडियन मँटेलने या प्राण्याच्या प्रजातीला होफमानचं नाव देऊन टाकलं होतं. शास्त्रीय नाव एकदा चिकटलं की सहजी सुटत नाही. मोसासॉरस होफमनाय हे नाव आजही चालू आहे आणि गॉडिंगच्या नावाने काहीच नाही.

मासा, देवमासा की मगर?

मास्ट्रिक्टजवळच्या सेंट पीटर टेकडीत मऊ, पिवळसर चुनखडी काढायच्या जुन्या खाणी आहेत. वाइनवाली कवटी तिथे १७८०च्या सुमारास निघाली. तिच्या आधी, १७६०च्या दशकात, आणखी एक निघाली होती; ती १७८४ मध्ये हार्लेमच्या टायलर्स म्युझियमने विकत घेतली आणि आजही तिथेच आहे. खाणीतल्या माणसांना हाडं सापडत राहिली आणि शहाण्यांची पंचाईत होत राहिली.

टायलर्स म्युझियमच्या व्हान मारुमने निकाल दिला: देवमासा. पेट्रुस काम्पर हा त्या काळचा नावाजलेला शरीरशास्त्रज्ञ. १७८६ मध्ये तोही म्हणाला, दातवाला देवमासा. फोजा म्हणाला, छे, मगर! शेवटी १७९९ मध्ये कोडं सोडवलं ते पेट्रुसच्याच मुलाने, आद्रियान काम्परने. वडील जाऊन दहा वर्षं झाली होती. मुलाने हाडं नीट पाहिली आणि सांगितलं, वडिलांचं चुकलं. हा घोरपडीच्या जातीचा महाकाय सरडा आहे. १८०८ मध्ये पॅरिसच्या जॉर्ज कुव्हिएने त्यावर शिक्का मारला. असा प्राणी जगात आज कुठेही नाही, म्हणजे सजीवांच्या अख्ख्या जाती पृथ्वीवरून नाहीशा होऊ शकतात, हे कुव्हिए तेव्हा लोकांना पटवू पाहत होता. त्याच्या हातात हा भक्कम पुरावा आला.

नाव मात्र आणखी बरीच वर्षं नव्हतंच. नुसतं ‘मास्ट्रिक्टचा मोठा प्राणी’. १८२२ मध्ये इंग्रज पाद्री आणि भूवैज्ञानिक विल्यम कोनिबेअरने मास्ट्रिक्टवरून वाहणाऱ्या नदीचं लॅटिन नाव घेऊन ‘मोसासॉरस’ असं बारसं केलं. ‘डायनासोर’ हा शब्द जन्माला आला १८४२ मध्ये. म्हणजे बारशाच्या हिशेबात मोसासॉरस वीस वर्षांनी थोरला! मास्ट्रिक्टचा मान तर त्याहून मोठा. डायनासोर युगाच्या अखेरच्या सुमारे साठ लाख वर्षांच्या कालखंडाला जगभरचे भूवैज्ञानिक ‘मास्ट्रिक्टियन’ म्हणतात. एका डच गावाच्या खाणीवरून पृथ्वीच्या पंचांगातलं एक पान!

भाऊबंद कोण?

आद्रियान काम्परने बोट दाखवलं ती घोरपड आपल्याला अनोळखी नाही. सिंहगडच्या दंतकथेत तानाजीचा दोर कड्यावर नेते ती. मोसासॉर तिच्या कुळातला, हे मत दोनशे वर्षं टिकून आहे, पण बिनविरोध नाही. १८६९ मध्ये अमेरिकेच्या एडवर्ड कोपने मोसासॉर हे सापांचे जवळचे नातलग असल्याचं मांडलं आणि त्यांच्या गटाला पायथन या सर्पावरून नाव दिलं. तेव्हापासून तज्ज्ञांमध्ये दोन तट आहेत. घोरपडवाले कवटीकडे बोट दाखवतात, सापवाले जबड्याकडे.

आणि जबडा आहेच तसा. खालच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंना अधेमधे एकेक जादा सांधा, त्यामुळे मोठा घास आत ओढून घेता यायचा. वर टाळूवर दातांच्या आणखी दोन ओळी, मागे वळलेल्या. एकदा आत गेलेली शिकार बाहेर येण्याचा प्रश्नच नाही. अजगराच्या टाळूवरही असेच दात असतात. घोरपडीला ते नसतात. सापवाल्यांचं म्हणणं अगदीच हवेत नाही ते एवढ्यासाठी.

किती मोठा?

सिनेमात दाखवतात तेवढा नाही. २०१५च्या ‘जुरासिक वर्ल्ड’मध्ये तो टांगलेला पांढरा शार्क एका घासात गिळतो आणि पुढच्या रांगेतल्या प्रेक्षकांना भिजवतो. खऱ्या मोसासॉरसपेक्षा ते धूड कितीतरी फुगवलेलं आहे. १९२७ मध्ये रशियातल्या पेन्झा शहरात एक कवटी निघाली, पावणेदोन मीटरच्या जवळपास लांब. तिच्यावरून २०१४ मध्ये १७ मीटरचा अंदाज मांडला गेला. नंतरच्या अभ्यासकांनी हात आखडता घेतला आणि हिशेब ११ ते १३ मीटरवर आणला. म्हणजे साधारण आपली लाल एसटी, फक्त पुढून दात असलेली. मला विचाराल तर एवढं पुष्कळ झालं.

पूर्ण सांगाडा बघायचा असेल तर कॅनडात जा. मॅनिटोबा प्रांतातल्या मॉर्डन गावच्या संग्रहालयात ‘ब्रूस’ राहतो. हा मोसासॉरसचा चुलतभाऊ, टायलोसॉरस. १९७४ मध्ये सापडला, लांबी १३ मीटर. प्रदर्शनात असलेला जगातला सर्वांत मोठा मोसासॉर म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे.

पोटात काय सापडलं?

दक्षिण डकोटातल्या एका टायलोसॉरसच्या बरगड्यांच्या आत मासा निघाला, हेस्परॉर्निस हा न उडणारा पाणपक्षी निघाला आणि आणखी एक छोटा मोसासॉरही निघाला. म्हणजे भाऊबंदकी तेव्हाही होती! कॅन्ससमध्ये चार्ल्स स्टर्नबर्गला सापडलेल्या टायलोसॉरसने लांब वल्ह्यांचा सागरी सरपटणारा प्राणी, प्लेसिओसॉर, गिळला होता. ग्लोबिडेन्स नावाच्या मोसासॉरचे दात तर गोल गोट्यांसारखे. त्यांनी तो शिंपले फोडायचा.

आणि अमोनाइट. शंखासारख्या गुंडाळलेल्या कवचात राहणारा, माकुळाच्या नात्यातला प्राणी. आपल्याकडे पुष्कळ देवघरांत तो असतो, कारण गंडकी नदीतला शाळिग्राम म्हणजे अमोनाइटचा जीवाश्म. (ते मोसासॉरच्या जन्माआधीचे आहेत, त्यामुळे तुमच्या शाळिग्रामावर कोणाचे दात उमटले नसावेत.) अमेरिकेतल्या एका अमोनाइटवर मात्र भोकांच्या ओळीच ओळी होत्या. १९६० मध्ये दोघा शास्त्रज्ञांनी त्या जबड्याशी जुळवून सांगितलं: मोसासॉरने याला उलटसुलट करून पुन्हापुन्हा चावलंय. वाचणारे खूश झाले. १९९८ मध्ये दुसऱ्या चमूने चक्क मोसासॉरचा यांत्रिक जबडा बनवला आणि नॉटिलस या अमोनाइटच्या आजच्या कवचधारी नातलगाची कवचं त्यात घालून चावून पाहिली. कवचं फुटली, पण तशी गोल भोकं काही पडेनात. त्यांनी मग जाहीर केलं, ही भोकं कवचाला चिकटून राहणाऱ्या छोट्या गोगलगायींची! पुढे काहींनी पुन्हा दातांची बाजू घेतली. वाद मिटलेला नाही, आणि मला तर तो मिटूही नये असं वाटतं.

पाठीवरची झालर आणि एक चित्र

मोसासॉरचं जुनं चित्र पाहिलंत तर पाठीवर मानेपासून झुलणारी झालर दिसेल. चिनी ड्रॅगनला शोभेल अशी. ती आली कुठून? अमेरिकेच्या सॅम्युअल विलिस्टनला एका सांगाड्यापाशी पट्ट्यापट्ट्यांचा ठसा दिसला. त्याने अर्थ लावला: झालर. १८९९ मध्ये नामवंत चित्रकार चार्ल्स नाइटने त्यावरून झकास चित्र काढलं. १९०२ मध्ये विलिस्टनने स्वतःच सांगितलं, चुकलो. ती श्वासनलिकेची कडी आहेत. पण शास्त्रज्ञाचा खुलासा वाचतो कोण? चित्र सुंदर होतं. पुढची कित्येक दशकं चित्रकार एकमेकांची झालर उतरवून काढत राहिले.

शेपटीबाबत उलटं घडलं. शंभर वर्षं सगळ्यांनी सरळ, सपाट, सुसरीसारखी शेपूट काढली. मग २०१० मध्ये कॅन्ससच्या प्लॅटेकार्पस या मोसासॉरच्या सांगाड्याचा नव्याने अभ्यास झाला. तो १९६९ मध्येच मिळाला होता, खवल्यांच्या ठशांसकट! त्याच्या शेपटीची हाडं टोकाशी खाली वळलेली निघाली. २०१३ मध्ये जॉर्डनमधल्या प्रोग्नॅथोडॉन या मोसासॉरने शंकाच ठेवली नाही: मऊ भागाचा ठसा, दोन पात्यांची शेपूट. शार्कच्या शेपटीत हाड वरच्या पात्यात जातं, इथे खालच्या. म्हणजे शार्कची शेपूट उलटी करून लावलेली. हे जनावर पाण्यात अंग वेळावत वळवळत नव्हतं. पुढचं शरीर ताठ ठेवून शेपटीच्या जोरावर झेपावत होतं. २०१४ मध्ये कातडीच्या अवशेषांत काळं रंगद्रव्यही सापडलं. पाठ गडद असावी.

मेजरसाहेबांच्या बागेतलं भूत

१८३०च्या दशकात मिसूरी नदीच्या वरच्या अंगाला एका शिकाऱ्याला प्रचंड सांगाडा मिळाला. तो गेला मेजर बेंजामिन ओफॅलन यांच्याकडे. त्यांनी तो सेंट लुईसच्या आपल्या बागेत मांडून ठेवला. प्रवासात असलेल्या जर्मनीच्या प्रिन्स मॅक्सिमिलियनने तो पाहिला, मिळवला आणि मायदेशी पाठवला. बॉनच्या गोल्डफुसने १८४५ मध्ये त्याला राजपुत्राचं नाव दिलं. गंमत पुढे आहे. त्याच सांगाड्याचं नाकाकडचं टोक आधीच कोणीतरी तोडून नेलं होतं आणि १८३४ मध्ये रिचर्ड हार्लनने त्याला वेगळाच प्राणी समजून ‘मिसूरी’वरून नाव देऊन ठेवलं होतं. एकाच प्राण्याचं नाक एका नावाने, धड दुसऱ्या नावाने! नियम असा की पहिलं नाव जिंकतं. राजपुत्राचं गेलं, नदीचं राहिलं. ते हरवलेलं नाक कित्येक वर्षांनी पॅरिसच्या संग्रहालयात ओळखू आलं.

मोसासॉरांच्या काळी अमेरिकेच्या मधोमध उत्तर-दक्षिण असा उथळ समुद्र पसरलेला होता. आज जिथे गहू डोलतो त्या कॅन्ससच्या खडूच्या टेकड्या म्हणजे त्या समुद्राचा तळ. कोपचा हाडवैरी ओथनिएल मार्श तिथल्या एका खोऱ्यातून घोड्यावरून जात असताना एकाच वेळी सात मोसासॉरांचे सांगाडे नजरेच्या टप्प्यात होते, असं त्याने सांगून ठेवलंय. २०१४ मध्ये कॅन्ससने टायलोसॉरसला आपला अधिकृत सागरी राज्य-जीवाश्म केलं.

गरम रक्त, दुखरे सांधे आणि ‘ती वस्तू’

सरडा म्हटलं की उन्हात पडून अंग शेकणारा. मोसासॉर तसा नव्हता. दातांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून २०१०च्या दशकात तापमान काढलं गेलं, ते ३३ ते ३६ अंश सेल्सिअसच्या आसपास आलं. समुद्र थंड असला तरी अंग ऊबदार. खोल बुडी मारून झटकन वर येणाऱ्या पाणबुड्यांच्या हाडांत रक्तपुरवठा तुटून जसा बिघाड होतो, तसाच बिघाड प्लॅटेकार्पस आणि टायलोसॉरसच्या मणक्यांत १९८७ मध्ये ओळखला गेला. क्लिडास्टेस या मोसासॉरला हा त्रास नव्हता. तो वरच्या पाण्यातच राहायचा.

पिल्लं? मोसासॉरच्या जवळच्या नात्यातल्या कार्सोसॉरसच्या पोटात गर्भ सापडलेत, त्यामुळे पिल्लं थेट पाण्यात जन्मत असावीत असं मानलं जातं. आणि मग २०२० मध्ये अंड्याची बातमी आली! चिलीच्या शास्त्रज्ञांना २०११ मध्ये अंटार्क्टिकात एक सुरकुतलेला दगड सापडला होता. काय आहे ते कळेना, म्हणून संग्रहालयात तो ‘ती वस्तू’ या नावाने पडून राहिला. अखेर उलगडलं की ते मऊ कवचाचं, जवळपास फूटभर लांबीचं अंडं आहे. ज्ञात अंड्यांत याच्यापेक्षा मोठं फक्त मादागास्करच्या हत्तीपक्ष्याचं. घालणारी मोसासॉर असावी असा कयास आहे. कदाचित अंडं पाण्यात पडताच फुटून पिल्लू पोहायला लागत असेल. अंड्याच्या आत काहीच नव्हतं, त्यामुळे शपथेवर सांगायला कोणी तयार नाही.

नवी मंडळी

घराणं मोठं आहे आणि अजून वाढतंय. सुरुवातीचा म्हणावा असा डॅलासॉरस टेक्ससात एका हौशी संग्राहकाला सापडला: जेमतेम मीटरभर लांब, ९.२ कोटी वर्षांपूर्वीचा, पायांची वल्ही अजून व्हायची होती. हंगेरीचा पॅनोनियासॉरस चक्क गोड्या पाण्यातला. जपानच्या होक्काइडोचा फॉस्फोरोसॉरस लहान, पण डोळे पुढे रोखलेले. मोरोक्कोच्या फॉस्फेट खाणींतला थॅलासोटायटन इतर सागरी सरपटणाऱ्यांनाच खायचा. २०२२ मध्ये त्याची ओळख झाली. २०२३ मध्ये जपानच्या वाकायामाचा ‘निळा ड्रॅगन’ जाहीर झाला, ज्याची मागची वल्ही पुढच्यापेक्षा लांब आहेत. त्याच वर्षी उत्तर डकोटातल्या वालहल्ला गावाजवळच्या मोसासॉरला नॉर्स पुराणातल्या महासर्पाचं, यॉर्मुनगांडरचं, नाव मिळालं. गावाचंच नाव वालहल्ला असल्यावर शास्त्रज्ञ तरी काय करणार!

मास्ट्रिक्टही मागे नाही. तिथल्या सिमेंटच्या खाणीत १९९८ मध्ये ‘बेर’ सापडला आणि २०१२ मध्ये ‘कार्लो’. कार्लो हे खोदयंत्र चालवणाऱ्या कामगाराचं नाव. हाडं त्यानेच पाहिली. अडीचशे वर्षांत प्रथा सुधारली म्हणायची. या वेळी नाव खऱ्या शोधणाऱ्याला मिळालं.

आणि मग सगळं संपलं

६.६ कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर सुमारे दहा किलोमीटर व्यासाचा लघुग्रह आदळला. सूर्यप्रकाश अडला, समुद्रातले सूक्ष्मजीव मेले, मग मासे आणि अमोनाइट, मग त्यांच्यावर जगणारे. त्याच सुमारास आपल्या दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर ओतले जात होते. सह्याद्रीचा काळा पाषाण तो हाच. विनाशात त्या वायूंचा वाटा किती, यावर अजून भांडण आहे. मोसासॉर एकूण एक संपले.

घोरपडीचं कूळ मात्र वाचलं, आणि तिला आता लघुग्रहाचं नाही, आपलं भय आहे. मांसासाठी आणि तेलासाठी ती मारली जाते. जादूची मुळी म्हणून विकली जाणारी ‘हत्था जोडी’ म्हणजे वनस्पती नव्हेच. ते नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. कोणी हत्था जोडी विकताना दिसलं, तर घेऊ नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.